निरोप कुठे अडला?

आपाच्या परीक्षेचा अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस होता. अर्ज अकोल्याहून अमरावतीला पाठवायचा होता. आपा संगणकासमोर बसली. पण अर्ज पुढे जाईना. ती रडकुंडीला आली.

माझे अब्बा केबल जोडण्याचे काम करतात. ते म्हणाले, "चल बेटा, निरोप कुठे अडला ते पाहू."

संगणकामागे निळी केबल होती. अब्बांनी तसलाच एक तुकडा सोलून दाखवला. आत तांब्याच्या ८ बारीक तारा होत्या. दोन-दोन तारांना पीळ घातलेला होता.

"पीळ कशासाठी?" मी विचारले.

"शेजारच्या तारांमधील विजेची गडबड निरोपात मिसळू नये म्हणून. टेलिफोनवाल्या बेलसाहेबांनी १८८१ मध्ये अशा जोडीचे पेटंट घेतले. ही केबल स्वस्त आहे; पण साधारण १०० मीटरपर्यंतच नीट चालते."

गच्चीवरून टीव्हीची काळी केबल आली होती. अब्बा म्हणाले, "ही कोएक्सियल केबल. मधोमध एक तार, तिच्यावर प्लॅस्टिक आणि त्यावर धातूची जाळी. जाळी बाहेरची गडबड अडवते. पूर्वी संगणकही हिनेच जोडत."

आम्ही रस्त्यावर आलो. तिथे नालीसाठी खोदकाम चालू होते. कुदळीच्या घावाने एक केबल तुटली होती. आतून केसासारखे काचेचे तंतू बाहेर आले होते. मी हात पुढे केला.

"थांब! काच बोटात शिरेल. टोकात डोकावूही नकोस. आतला प्रकाश दिसत नाही, पण डोळ्यांना इजा करू शकतो. हे प्रकाशतंतू आहेत. यांतून प्रकाश परावर्तित होत एका सेकंदात सुमारे २ लाख किलोमीटर जातो."

"मग अमरावती?"

"सुमारे १०० किलोमीटर. पापणी लवण्याआधीच!"

अब्बांनी साथीदारांना बोलावले. त्यांनी तंतूंची टोके पुसली, सरळ कापली आणि यंत्रात वितळवून एकेक जोडली. संध्याकाळ झाली.

घरी आलो, तर आपा हसत होती. अर्ज गेला होता!

आता कुठे खोदकाम दिसले की मी विचारतो, "काका, खाली केबल तर नाही ना?"

शब्दार्थ
रडकुंडीला येणे - रडण्याच्या बेतात असणे
इजा - दुखापत
परावर्तित होणे - आदळून परत फिरणे

स्वाध्याय
१. तारांना पीळ का घालतात?
२. प्रकाशतंतू कसे जोडले?
३. 'पापणी लवण्याआधी' हा शब्दसमूह वाक्यात वापरा.