शाळेतील मुलांना मातीची ओळख

शेतकऱ्याच्या मुलाला माती परकी नसते. ते तिच्यात खेळते, आईबरोबर खुरपणीला जाते, पोळ्याला तिचेच बैल करते. तथापि शाळेत मातीचा धडा आला की केवळ नावे पाठ होतात आणि ‘काळी तेवढी चांगली, तांबडी ती हलकी’ अशी समजूत घेऊन मूल घरी येते. ही समजूत पुढे शेतीत महाग पडते. म्हणून ग्रामसेवकांनी व कृषी सहायकांनी गुरुजींच्या साहाय्याने चौथी-पाचवीच्या वर्गात हा धडा प्रत्यक्ष प्रयोगांनी शिकवावा. त्यास खर्च जवळजवळ येत नाही.

प्रथम प्रत्येक मुलास आपल्या शेतातील ओंजळभर माती आणावयास सांगावे. पुडीवर शेताचे नाव व तेथे घेतलेले पीक लिहावे. देशावरील बहुतेक गावांत काळी, माळावरची मुरमाड व ओढ्याकाठचा पोयटा हे प्रकार सहज मिळतात. कोकणात जांभी व खाडीकाठची खार मिळते.

१. वळीची परीक्षा : माती ओली करून मळावी व तिची वळी करावी. रेताड मातीची वळी होत नाही. पोयट्याची होते, पण वाकविताच तुटते. चिकण काळ्या मातीची वळी वाकवून कडे करता येते.

२. बाटलीची परीक्षा : बाटलीत एक-तृतीयांश माती, वर पाणी व चिमूटभर धुण्याचा सोडा घालून ती जोराने हलवावी व स्थिर ठेवावी. वाळू लगेच तळाशी बसते, त्यावर पोयट्याचा थर बसतो, आणि काळ्या मातीवरील पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळ राहते. चिकणमातीचा कण ०.००२ मिलिमीटरपेक्षाही लहान असल्यामुळे तो लवकर खाली बसत नाही.

३. निचऱ्याची परीक्षा : तळाला भोके पाडलेल्या तीन डब्यांत फडके घालून सारखी माती भरावी. ती एकदा भिजवून घ्यावी व नंतर प्रत्येकात एकेक पेला पाणी ओतावे. मुरमाड मातीतून पाणी झरझर उतरते, तर काळीवर ते उभे राहते. काळीतील चिकण कण पाणी पिऊन फुगतात व वाट बुजवितात. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात त्याही याच कारणाने.

४. मिठाची परीक्षा : मातीचे कोरडे ढेकूळ मिठाच्या पाण्याच्या बशीत काही दिवस ठेवावे. पाणी ढेकळात वर चढते, उडून जाते आणि माथ्यावर पांढरे मीठ उरते.

हे चार प्रयोग झाल्यावर मुलांना विचारावे, “यांत चांगली माती कोणती?” उत्तर असे निघावे की, प्रत्येक माती आपल्या जागी चांगली असते. ओलावा धरणारी काळी माती रब्बी ज्वारी पिकविते. रत्नागिरीचा हापूस जांभ्या जमिनीत होतो. मटकी-हुलगा हलक्या रानातही येतो.

कालव्याखालील एका गावी प्रस्तुत लेखकाने हा धडा घेतला, तेव्हा चौथ्या प्रयोगातील ढेकूळ पाहून एक मुलगी म्हणाली, “आमच्या खालच्या रानात अस्संच पांढरं येतं.” वर्ग शांत झाला. त्या रानात काही वर्षांपासून ऊस उगवतच नव्हता.

नीरा व प्रवरा कालव्यांखाली, तसेच सांगली-कोल्हापूर भागात कृष्णाकाठी, भारी जमिनी अशाच बिघडल्या आहेत. निचरा मंद, पाणी मात्र वारेमाप. त्यामुळे भूगर्भातील पाणी वर येते, त्याबरोबर क्षार वर येतात, जमीन खारवटते व पुढे कित्येक ठिकाणी चोपण होते. ती सुधारण्यास चर खणावे लागतात. चोपण जमिनीस माती-परीक्षणानंतर जिप्समही द्यावे लागते. हा खर्च मोठा असतो व त्यास वर्षे लागतात. वेळीच पाणी आवरण्यास मात्र काहीच लागत नाही.

धडा संपल्यावर मुलांनी आपापली पुडी घरी न्यावी व वडीलमंडळींसमोर वळी करून दाखवावी. शेतकरी बंधूंनी ती लक्षपूर्वक पाहावी. उद्या बारे धरण्यास हीच मुले उभी राहणार आहेत. पाणी केव्हा थांबवावे हे त्यांना आज कळले, तर तुमची जमीन त्यांच्या हाती सुरक्षित राहील.