इंजिन बांधायचं की बदलायचं?

कोल्हापूर

चि. निखिल,

तुझा व्हिडिओ ताईने दाखवला. १९७२ ची एमजीबी, लाल, टप उघडलेला, आणि मागून निळा धूर. कॉव्हेंट्रीतला तुझा दोस्त म्हणतो, जुनं इंजिन भंगारात दे, माझदाचं बसव, कटकट मिटेल. गाडी त्याची नाही, त्यामुळे सल्ला द्यायला त्याचं काय जातंय?

तुझं १७९८ सीसीचं बी-सिरीज इंजिन मला परकं नाही. त्याच घराण्यातलं १४८९ सीसीचं इंजिन आपल्या अँबॅसिडरला होतं आणि माझी अर्धी हयात त्याच्याखाली आडवं पडून गेली. बिडाचा ब्लॉक, कुशीत कॅमशाफ्ट, पुशरॉड, रॉकर. बोअर झिजला तर रिबोअर करून ओव्हरसाइज पिस्टन घालायचे, क्रँक घासून अंडरसाइज बेअरिंगं टाकायची. हे इंजिन पुन्हा पुन्हा बांधता यावं असंच केलंय. शिवाय १९६४ च्या अखेरीपासून एमजीबीला पाच मेन बेअरिंगांचा क्रँक आला. आमच्या अँबॅसिडरला तीनच.

नुसता धूर बघून काही ठरवू नकोस, तो कधी येतो ते बघ. रात्रभर उभी गाडी सकाळी चालू करताना भपकन येऊन थांबत असेल, किंवा उतारावर पाय सोडून पुन्हा दाबल्यावर येत असेल, तर व्हॉल्व्ह गाइड आणि सील. हेडच्या कामात भागेल. चढावर सतत येत असेल तर रिंगा आणि बोअर. मग चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन घे, इंजिन गरम करून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून. ज्याचं कमी येईल त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा घे. आकडा चढला तर रिंगा गेल्या, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह नाहीतर गॅस्केट. ऑइल प्रेशर गरम इंजिनाला धावताना ५० ते ८० पौंड हवं. आयडलिंगला १० ते २५ वर आलं म्हणून घाबरायचं कारण नाही.

एक तपासणी फुकटची आहे आणि हटकून राहून जाते. इंजिन बंद ठेव, कुणाला तरी क्लच दाबायला बसव आणि तू क्रँकच्या पुलीकडे बघ. डोळ्यांना दिसेल इतकी ती पुढे सरकली तर थ्रस्ट वॉशर संपलेत. मग गाडी जागची हलवायची नाही, नाहीतर क्रँक ब्लॉकच खाईल आणि बांधायला काही उरणार नाही.

हेड उतरवलंस की बोअरच्या वरच्या काठाशी नख फिरव. कंगोऱ्याला नख अडकलं तर बोअरिंग आलंच. हेडला व्हॉल्व्ह सीटांच्या मध्ये चीर नाही ना, हे मशीन शॉपकडून तपासून घे. आणि एक्झॉस्टला कडक सीटा बसवून घे. तुमच्याकडे ब्रिटनमध्ये शिशाचं पेट्रोल १९९९ अखेर पंपांवरून गेलं आणि हे इंजिन त्या पेट्रोलवर वाढलेलं आहे.

इंजिन बदलणं पाप आहे असं मी म्हणत नाही. आपल्याकडे टॅक्सीवाल्यांनी पेट्रोल अँबॅसिडरला डिझेल इंजिनं चढवली ती पोटासाठी. एमजीबीत केन कॉस्टेलोने रोव्हरचं साडेतीन लिटरचं व्ही-८ बसवून विकलं, आणि मग कंपनीनेही १९७३ ते १९७६ मध्ये तशा २,५९१ जीटी काढल्या. पण कंपनीने इंजिनाबरोबर गिअरबॉक्स तगडा केला, मागचा रेशो बदलला, ब्रेकच्या डिस्का जाड केल्या. तुझा दोस्त फक्त इंजिनाची किंमत सांगतो. माउंटिंग, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट, वायरिंग, ईसीयू, पेट्रोलचा पंप, कूलिंग हे सगळं त्याच्या मागोमाग येतं. अर्ध्यावर सोडलेल्या असल्या गाड्या कव्हराखाली विकायला उभ्या असतात, त्या याच हिशेबामुळे.

कागदाचंही बघ. इंजिन नंबर किंवा सीसी बदलले तर डीव्हीएलएला, म्हणजे तिथल्या आरटीओला, कळवून लॉगबुकात नोंद करावी लागते. चाळीस वर्षांवरच्या गाडीला एमओटीच्या वार्षिक तपासणीतून जी सूट आहे, ती गेल्या तीस वर्षांत गाडीत मोठा बदल झाला नसेल तरच. त्याच जातीचं इंजिन घातलं तर हा प्रश्न येत नाही, दुसऱ्या कंपनीचं घालायचं तर आधी नियम वाच.

मूळ नंबर जुळण्याचं वेड मात्र घेऊ नकोस. पोर्शेला त्याचे पैसे मिळतात. एमजीबी पाच लाखांवर निघाल्या, तिथे त्याचं एवढं कौतुक नाही. म्हणून ब्लॉकच तडकलेला निघाला तर रडत बसू नकोस, दुसरा १७९८ चा ब्लॉक शोध आणि तो बांध. तेही बदलणंच, पण गाडीला पत्ता लागणार नाही.

रोज मोटरवेवरून कामावर जायचं असतं तर माझं उत्तर कदाचित वेगळं असतं. तू रविवारी फिरवणार आहेस, तेही ऊन पडलं तर. तेव्हा माझं मत सरळ आहे: हेच इंजिन बांध. नवा कॅमशाफ्ट घातलास तर टॅपेटही नवेच घाल, आणि पहिल्यांदा चालू केल्यावर आयडलवर ठेवू नकोस. वीसेक मिनिटं दोन हजार आरपीएमच्या वर धरून ठेव, नाहीतर नवा कॅम पहिल्याच दिवशी खाल्ला जाईल.

मशीन शॉपचं कोटेशन लेखी घे. चारही सिलिंडरचे आकडे मला पाठव, ऑइल टाकायच्या आधीचे आणि नंतरचे. तोवर कुणालाही ॲडव्हान्स देऊ नकोस.

तुझा,
मामा