अफवा, खाजगीपणा आणि आपलें कर्तव्य

पूर्वीं एखादी वार्ता गांवोगांव पसरावयास दिवस लागत; आज ती हातांतील मोबाइलवरून क्षणार्धांत हजारों घरीं पोंचते. हें साधन मोठें उपकारक आहे, यांत संशय नाहीं. परंतु त्याचा दुरुपयोग झाला असतां मनुष्याचे हक्कच नव्हे, तर प्राणही संकटांत येतात.

धुळें जिल्ह्यांतील साक्री तालुक्यांत राईनपाडा नांवाचें गांव आहे. मुलें पळविणाऱ्या टोळ्या फिरत आहेत, अशी अफवा २०१८ सालीं व्हॉट्सअ‍ॅपवरून त्या भागांत पसरली होती. १ जुलै रोजीं नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पांच भिक्षेकरी तेथें आले असतां जमावानें संशयावरून त्यांस ठार मारलें. चौकशी नाहीं, न्यायासन नाहीं. केवळ एका खोट्या संदेशावर विश्वास! त्याच महिन्यांत त्या कंपनीनें भारतांत एक संदेश एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं पुढें पाठवितां येऊं नये, अशी मर्यादा जाहीर केली. परंतु खरी मर्यादा यंत्रानें नव्हे, मनानें घालावयाची असते.

दुसरा धोका खाजगीपणास आहे. १० डिसेंबर १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या बाराव्या कलमांत घर, कुटुंब, पत्रव्यवहार व अब्रू यांस संरक्षण दिलें आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं आमच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमतानें निर्णय दिला. असें असतां वर्गबंधूचें छायाचित्र त्यास न विचारतां थट्टेसाठीं पसरविणें, ही निव्वळ गंमत कशी म्हणावी? एकदां पसरलेलें चित्र परत घेणें अशक्यप्राय असतें.

पालकांनींही विचार करावा. १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वीं पालकांची संमति घ्यावी, असें २०२३ चा कायदा सांगतो. परंतु मुलाचें छायाचित्र, शाळेचें नांव व घरचा पत्ता आपणच जगापुढें मांडला, तर कायद्यानें काय करावें?

विद्यार्थी बंधुभगिनींनो, कोणताही संदेश पुढें पाठविण्यापूर्वीं आपण स्वतःस तीन प्रश्न विचारूं या: हें खरें आहे काय? ज्याच्याविषयीं आहे त्याची संमति आहे काय? यानें कोणाचें अहित तर होणार नाहीं ना? प्रभु येशूच्या गिरिप्रवचनांतील सुवर्णनियम आम्हां सर्वांस ठाऊक आहे. तो जसा प्रत्यक्ष भेटींत पाळावयाचा, तसाच मोबाइलच्या पडद्यावरही पाळावयाचा आहे.