सील पाण्यात कसा गेला?

आमच्या प्रौढवर्गात एका रात्री प्राण्यांचा धडा चालला होता. देवमासा हा मासा नव्हे, असे आम्ही सांगितले. तो हवेत श्वास घेतो, त्याची मादी पिलाला दूध पाजते आणि त्याचे फार जुने पूर्वज जमिनीवर चालत होते. मागे बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "गुरुजी, हे पाह्यलं कुणी?"

सगळे हसले. आम्ही मात्र हसलो नाही. प्रश्न रास्त होता. आम्ही इतकी वर्षे शाळेत शिकवले, पण कुणा मुलाने असे अडवले नव्हते. आजींना त्या रात्री नीट उत्तर देता आले नाही. ते आता देतो.

त्यासाठी सील नावाचा प्राणी घेऊ. तो आपल्या किनाऱ्यावर नाही. बहुतेक जातींचे सील थंड समुद्रात राहतात. सीलचे अंग भरलेल्या पखालीसारखे, मध्ये जाड आणि दोन्ही टोकांना निमुळते. कातडीखाली चरबीचा जाड थर असतो, म्हणून त्याला थंडी बाधत नाही. पायांच्या जागी वल्ह्यांसारखे चपटे अवयव असतात. पाण्यात तो मोठा चपळ. वेडेल नावाच्या जातीचा सील तासभरसुद्धा पाण्याखाली श्वास रोखून राहतो. पण जमिनीवर आला, की बिचारा पोटावर सरपटतो.

आता त्याचे वल्हे आतून पाहा. त्यात खांद्याचे, कोपराचे, मनगटाचे हाड आहे. आणि पुढे पाच बोटे आहेत! माशाच्या परात असे काही नसते.

दुसरी खूण दुधाची. म्हशीच्या दुधात शंभर भागांत सुमारे सात भाग स्निग्धांश असतो. हुडेड नावाच्या जातीच्या सीलच्या दुधात तो साठ भाग भरतो. म्हणजे लोणीच म्हणा ना! तिचे पिलू चारच दिवस दूध पिते आणि तेवढ्यात त्याचे वजन दुप्पट होते. एवढी घाई का? ती मादी समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फावर विते. तो बर्फ केव्हा फुटेल याचा नेम नसतो. सारा जन्म पाण्यात काढणाऱ्या सीलला विण्यासाठी मात्र वर यावे लागते. कोरड्या जागेशी त्याचा संबंध अजून तुटलेला नाही.

पण खुणा म्हणजे पुरावा नव्हे, असे आजी म्हणतील. बरोबर. पुरावा जमिनीत असतो. तळ्याकाठी जनावर मेले, तळाच्या गाळात रुतले आणि वर आणखी गाळ साचला. मांस कुजून जाते, हाडे राहतात. पाण्यातले क्षार हाडांत शिरतात आणि लाखो वर्षांनी ती दगडासारखी होतात. अशा अवशेषांना जीवाश्म म्हणतात. गाळाचा खालचा थर जुना आणि वरचा नवा, यावरून आधीचे कोण आणि नंतरचे कोण ते कळते.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सीलच्या गोतातील एका जुन्या प्राण्याची हाडे मिळाली. त्याला एनालिआर्क्टोस असे नाव आहे. तो दोन कोटी वर्षांहून जुना. पण त्याला वल्हे आधीच फुटलेले होते! मग पायांचा सील कुठे गेला? डार्विन या इंग्रज शास्त्रज्ञाने आपल्या ग्रंथात एक अंदाज मांडला होता. जमिनीवरचा प्राणी आधी उथळ पाण्यात भक्ष्य शोधील, मग नदीत किंवा तळ्यात आणि शेवटी समुद्रात जाईल, असा तो अंदाज. सीलच्या बाबतीत तो दाखवणारे जनावर मात्र हाती नव्हते.

कॅनडाच्या अगदी उत्तरेला डेव्हन नावाचे निर्जन बेट आहे. तिथे आकाशातून उल्का पडून एक मोठा खड्डा झाला होता. पुढे त्यात गोड्या पाण्याचे तळे साचले. आज तिथे झाड नाही, पण त्या काळी भोवती रान होते, ससे होते, गेंडेही होते. २००७ च्या उन्हाळ्यात नतालिया रिब्चिन्स्की या विदुषी आपली तुकडी घेऊन तिथे जीवाश्म शोधत होत्या. एक दिवस त्यांच्या गाडीतले इंधन संपले. ते येईपर्यंत करायचे काय? तुकडीतली एक बाई आसपासची जमीन पाहत हिंडू लागली आणि तिला एक हाड दिसले. शोधता शोधता निम्म्याहून जास्त सांगाडा मिळाला. पुढच्या वर्षी कवटीचा मेंदूकडचा भागही सापडला.

हे आम्ही नंतर वर्गात सांगितले, तेव्हा आजी म्हणाल्या, "अन् गाडीत तेल असतं तर?" यावर आम्ही काय बोलणार!

तो प्राणी २ कोटी ते २ कोटी ४० लाख वर्षांपूर्वीचा होता. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत मीटरभराहून थोडा लांब. ज्यांनी नदीकाठी पाणमांजर पाहिले असेल, त्यांनी तेच डोळ्यांपुढे आणावे. त्याला शेपूट लांब होती आणि चालायला चांगले चार पाय होते. पण बोटांची हाडे चपटी होती, म्हणजे बदकासारखे पडद्याचे पंजे असावेत. कवटी आणि दात मात्र सीलच्या घराण्याकडे बोट दाखवत होते. २००९ साली त्याचे नाव जाहीर झाले, पुइजिला डार्विनी. तिथल्या इन्युइट लोकांच्या भाषेत पुइजिला म्हणजे समुद्री सस्तन प्राण्याचे पिलू.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. पुइजिला हा आजच्या सीलचा बाप नव्हे. त्याच काळात वल्हेवाले सील समुद्रात पोहत होतेच. तो चुलत्याच्या जागी. चुलत्याच्या तोंडवळ्यावरून आजोबा कसे दिसत असतील ते ताडावे, तसे हे आहे. त्याची नेमकी जागा कोणती, यावर विद्वानांचे वाद अजून चालू आहेत.

आणि देवमासा? तो सीलचा भाऊबंद नाही. सील अस्वलाच्या आणि पाणमांजरासारख्या मांसभक्षकांच्या गोतातला. देवमासा खुरांच्या जनावरांतला, आज त्याचा सर्वांत जवळचा सोयरा पाणघोडा. दोघे वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या वाटेने पाण्यात गेले. देवमाशाचा पुरावा तर आपल्याच देशात आहे. कच्छमधील जुन्या देवमाशांची हाडे अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९७५ साली जगापुढे मांडली. जम्मूकडच्या कालाकोट भागातून रंगा राव या भूशास्त्रज्ञाने आणलेले दगड तर त्यांच्यामागे कित्येक वर्षे घरी पडून होते. त्यांच्या पत्नीने ते हान्स थेविसन या अभ्यासकाला दिले. त्यातून मांजराएवढ्या एका खुरवाल्या प्राण्याची कवटी निघाली, सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीची. तिचे कानाचे हाड एका बाजूला जाड होते, अगदी देवमाशाच्या कानासारखे. हे जाहीर झाले तेही २००७ सालीच.