उसाचे बिल आणि घरचा काजू धंदा : वाढ कोणत्या क्रमाने करावी?



गळीत हंगाम उतरणीला लागला की गटात फिरताना एक प्रश्न हमखास कानावर येतो. "साहेब, बिल जमा झालं. आता काजूचं मोठं मशीन घ्यावं म्हणतो, तुमचं काय मत?"

प्रश्न रास्त आहे. आपल्या जिल्ह्यात उसाखालचे क्षेत्र थोडे आणि तेही तुकड्यातुकड्यांचे. नुसत्या उसावर घर चालत नाही. पण वैभववाडी-कणकवलीपासून ओरोस-कुडाळपर्यंत ज्याच्या परड्यात किंवा भरडात काजूची दहा-वीस झाडे नाहीत असा सभासद शोधावाच लागेल. कित्येक घरांत हातकटरवर बी फोडून गर विकण्याचे काम आजही चालू आहे. म्हणजे धंदा आहेच, तो वाढवायचा आहे. आमचे सांगणे एवढेच की धंदा वाढवायचा म्हणजे आधी मशीन मोठे करायचे असे नव्हे. आधी उतारा, मग कच्चा माल, मग बाजार आणि शेवटी मशीन, असा क्रम ठेवावा. हा क्रम उलटा केला, तर काजूच्या कर्जाचे हप्ते उसाच्या बिलातून भरण्याची पाळी येते.

1) आधी उतारा

उतारा हा शब्द उसवाल्याला नव्याने शिकवायला नको. 2025-26 च्या हंगामासाठी केंद्र सरकारने 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 355 रुपये दर ठरवला आणि त्यावरच्या प्रत्येक 0.1 टक्क्याला 3.46 रुपये जादा. हाच हिशेब काजूला लावा. 100 किलो वाळलेल्या बियांतून सोललेला, विकण्याजोगा गर किती किलो निघाला, तो तुमचा उतारा.

आता एक आकडेमोड करू. भाव रोज बदलतात, म्हणून खालचे आकडे हिशेब समजण्यापुरते धरले आहेत. समजा 1000 किलो बी 150 रुपये किलोने घेतली. 1,50,000 रुपये झाले. वाफ, फोडणी, सोलणी, वीज, बारदान मिळून किलोला 35 रुपये खर्च, म्हणजे 35,000. एकूण 1,85,000. गर सरासरी 800 रुपयांनी विकला.

उतारा 22 टक्के पडला तर 220 किलो गराचे 1,76,000 आले, म्हणजे 9,000 रुपये तोटा.
उतारा 25 टक्के पडला तर 2,00,000 आले, म्हणजे 15,000 रुपये नफा.
उतारा 27 टक्के पडला तर 2,16,000 आले, म्हणजे 31,000 रुपये नफा.

बी तीच, मजुरी तीच, भाव तोच. पण 25 चे 27 टक्के झाले की नफा दुपटीच्या वर जातो. आणि 22 टक्क्यांवर चालणाऱ्या धंद्याला मोठे मशीन बसवले तर काय होईल? तोटाच मोठा होईल.

उतारा वाढवायला फारसे भांडवल लागत नाही. बी झाडाखाली पडल्यावर लगेच वेचावी. दोन-तीन कडक उन्हे द्यावीत. मूठभर बी हलवून खडखड वाजली की समजावे वाळली. वाफवण्याआधी चाळणीने लहान, मध्यम, मोठी अशी निवड करावी. ही निवड पुष्कळ जण करत नाहीत. कटरचे पाते एका मापाला लावलेले असते. मिसळ बी घातली की मोठ्या बीतला गर कापला जातो आणि लहान बी नीट फुटत नाही. वाफवलेली बी लगेच फोडू नये, दुसऱ्या दिवसापर्यंत निवू द्यावी. गर ड्रायरमध्ये जास्त कडक झाला तर सोलताना तुकडे पडतात. अखंड गर आणि तुकडा यांच्या भावात फरक किती, ते विकणाऱ्याला सांगायला नको.

नवी लागवड करणाऱ्यांनी जातही पाहावी. वेंगुर्ल्याचे फळ संशोधन केंद्र 1957 पासून काम करते आहे. तिथून 1981 साली आलेली वेंगुर्ला-4 आणि 1997 साली आलेली वेंगुर्ला-7 या जातींत गराचे प्रमाण 30 टक्क्यांच्या वर नोंदले गेले आहे. गावठी मिसळ बीत ते मिळणे कठीण.

2) पैसा मशीनमध्ये नव्हे, बियांत अडकतो

काजू बी साधारण फेब्रुवारी ते मे एवढीच येते, पण धंदा वर्षभर चालवायचा असतो. रोज 50 किलो बी फोडणारा छोटा धंदा धरा. महिन्याचे 25 दिवस म्हणजे 1250 किलो. दहा महिन्यांची 12,500 किलो. 150 रुपयांनी ती बी 18,75,000 रुपयांची झाली! मशीनची किंमत सगळे विचारतात, हा आकडा कोणी विचारत नाही. मशीन कर्जावर येते, पाऊस लागतो, बी संपते आणि पुढच्या फेब्रुवारीपर्यंत मशीनवर धूळ बसते. हप्ता मात्र दर महिन्याला येतो.

इथे उसवाल्याला एक सोय आहे. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यावयाचे असतात. म्हणजे उशिरा तुटणाऱ्या उसाचे पैसे नेमके काजू बी बाजारात येते त्या सुमाराला हाती पडतात. पण सगळे बिल बियांत घालू नका. सोसायटीचे पीककर्ज वळते झाल्यावर जे उरेल त्यातून खोडव्याचे खत, पाणीपट्टी आणि घरखर्च आधी बाजूला काढा. उरलेल्या रकमेची बी घ्या. खोडव्याच्या युरियाच्या पैशाने काजू घेतला तर दोन्हीकडे मार बसतो.

राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना बाजार समित्यांमार्फत चालते आणि तीत काजू बीचा समावेश आहे. घरची बी पडत्या भावात काढण्यापेक्षा तारण ठेवून पैसा उभा करता येतो का, याची चौकशी बाजार समितीत जरूर करावी. घरी साठवताना पोती फळ्यांवर आणि भिंतीपासून हातभर दूर ठेवावीत. कोकणच्या पावसात ओल धरलेली बी आतून काळी पडते, आणि हा तोटा फोडल्याशिवाय दिसत नाही.

3) एका वेळी एकच अडचण सोडवा

लिज्जत पापड घरोघरी माहीत आहे. 15 मार्च 1959 रोजी मुंबईत गिरगावातल्या एका चाळवजा इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन हे काम सुरू केले. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून चार महिने काम बंद ठेवावे लागले. दुसऱ्या वर्षी त्यांनी काय केले? एक खाट आणि एक शेगडी विकत घेतली. खाटेवर पापड, खाली शेगडी. काम पावसातही चालू राहिले. पुढे 1966 साली संस्थेची नोंदणी झाली आणि खादी ग्रामोद्योग आयोगाची मान्यताही मिळाली.

यातून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे ती खाट. काम कुठे अडते ते पाहून तेवढीच एक वस्तू घेतली. तुमचे काम कुठे अडते? सोलणी मागे पडत असेल तर दुसरा कटर घेऊन उपयोग नाही, फोडलेल्या गराचा ढीग तेवढा वाढेल. पावसात गर वाळत नसेल तर आधी ड्रायर. हात भाजत असतील आणि माणसे टिकत नसतील तर आधी हातमोजे. टरफलातले तेल कातडी जाळते, तिथे काटकसर करू नये.

4) बाजार

गर एकत्र विकू नका. डब्ल्यू 320 म्हणजे एका पौंडात, म्हणजे 454 ग्रॅममध्ये, 300 ते 320 अखंड गर. आकडा जितका लहान तितका गर मोठा आणि भाव जास्त. अखंड, पाकळी आणि तुकडा वेगळे करा. तुकडा मिठाईवाल्याला चालतो, अखंड गर भेट देणाऱ्याला हवा असतो. गणपतीला येणारे चाकरमानी, मालवण-तारकर्लीचे पर्यटक, दिवाळीला मुंबई-पुण्याला डबे धाडणारे नोकरदार ही आपली दारातली गिऱ्हाइके. पाकिटावर वजन, तारीख, किंमत, नाव आणि अन्न नोंदणीचा क्रमांक हवाच.

दुकानदाराची उधारी महिन्याच्या विक्रीपेक्षा वाढू देऊ नये. वहीत नफा दिसतो आणि बी घ्यायला रोकड नसते, अशाने चांगले धंदे बसतात.

5) मशीन आणि कर्ज शेवटी

हातचे मशीन आठ महिने पुरते चालते, उतारा 25 च्या खाली जात नाही, उधारी वसूल होते आणि तरी मागणी परत पाठवावी लागते, अशी स्थिती आली की खुशाल मोठे मशीन घ्यावे. केंद्र सरकारने 2020 साली सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी सुरू केलेल्या योजनेत प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख रुपये अनुदान ठेवले होते. या वर्षी काय सवलती चालू आहेत ते सिंधुदुर्गनगरीच्या जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात विचारून घ्यावे. मात्र ध्यानात ठेवा, असे अनुदान कर्जखात्याशी जोडलेले असते. ते आधी हातात पडत नाही, हप्ते मात्र आधी सुरू होतात.

यंदा एवढे करा

एक दोनशे पानी वही घाला. प्रत्येक पोत्याला एक ओळ : बी किती किलो, अखंड किती, पाकळी किती, तुकडा किती, मजुरी किती. घरच्या माणसांची मजुरीही धरा, नाहीतर नफा खोटा दिसतो. घरातल्या बायाच हे काम करतात, तेव्हा वही त्यांच्याच हाती द्यावी. पावसाळ्यापूर्वी पोत्यांची सरासरी काढा. मशीन घ्यायचे की चाळणी, याचे उत्तर त्या वहीतच मिळेल. वही घेऊन शेतकी कार्यालयात या, हिशेब बरोबर बसून करू.

— ऊस विकास अधिकारी