मुलांच्या खोलीची रंगरंगोटी: एका भिंतीचा हिशेब

मुलांच्या खोलीत 'काहीतरी वेगळं' करायचं ठरलं की घरात जंगल, अंतराळ, कार्टून अशी चर्चा सुरू होते आणि रंगारी चारही भिंतींचा आकडा सांगून मोकळा होतो. माझं मत आधीच सांगते: सजवायची ती एकच भिंत, बाकीच्या तीन साध्या. पाचव्या वर्षी हट्टाने काढून घेतलेला डायनोसॉर आठव्या वर्षी त्याच मुलाला बाळबोध वाटायला लागतो.

खोली 10 बाय 10 ची, उंची 10 फूट धरू. चार भिंती मिळून 400 चौरस फूट. दार-खिडकीचे चाळीसेक वजा केले की 360, वर छताचे 100. बरेच रंगारी दार-खिडकी वजा करत नाहीत, म्हणून माप घेताना समोर उभं राहा. दोन हातांना लिटरमागे सुमारे 60 चौरस फूट धरले, तर भिंती आणि छत मिळून 8 लिटर इमल्शन लागतं. मध्यम प्रतीचं, पुसता येणारं इमल्शन लिटरला 300 ते 400 रुपये. मोठ्या शहरांत नुसती मजुरी चौरस फुटाला 8 ते 12 रुपये. किरकोळ पुट्टी-प्रायमर धरून खोली साधारण 7 ते साडेनऊ हजारांत होते. जुना रंग खरवडून पूर्ण पुट्टी करायची तर हाच आकडा दीडपट-दुप्पट होतो. हे सगळे ढोबळ भाव आहेत. गाव आणि हंगाम बदलला की तेही बदलतात. दिवाळीच्या तोंडावर रंगारी मिळतही नाही आणि मिळालाच तर घासाघीस ऐकत नाही.

भिंतीला ओल असेल तर चित्राचा विचार सोडा आणि आधी गळती शोधा.

आता ती एक भिंत. सगळ्यात स्वस्त आणि मला सगळ्यात आवडणारा प्रकार म्हणजे टेप लावून काढलेले डोंगर. दोन-तीन छटांचे छोटे डबे आणि मास्किंग टेपची दोन रिळं, एवढ्यावर भागतं. हजार-दीड हजार रुपये पुरतात. खुबी कडेत आहे. टेप चिकटवल्यावर तिच्या कडेवरून आधी भिंतीचाच मूळ रंग फिरवायचा. टेपखालच्या फटी त्यानेच भरतात. तो वाळला की डोंगराचा रंग द्यायचा आणि शेवटचा हात ओलसर असतानाच टेप तिरकी ओढून काढायची. रेघ सुरीने कापल्यासारखी येते. आठ-नऊ वर्षांचं मूलही हे काम करू शकतं.

वारली चित्रं काढायची तर भिंत गेरूच्या रंगाची हवी. पालघरकडच्या आदिवासी घरांत तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने ती काढली जातात. आपल्या भिंतीवर पांढरा अ‍ॅक्रिलिक टिकतो. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणूस उभा राहतो, त्यामुळे मुलांना ही चित्रं पटकन जमतात. पण गडद गेरू चारही भिंतींवर नको, खोली काळोखी होते. चित्रकाराकडून काढून घ्यायची तर चौरस फुटाला दीडशेपासून चारशे-पाचशेपर्यंत सांगतात, म्हणजे 100 फुटांची भिंत पंधरा हजारांच्या पुढेच. त्यापेक्षा पलंगामागच्या 30 फुटांचंच काम द्या.

फळ्याचा रंग जमिनीपासून तीन फुटांपर्यंत द्यायला एक लिटर पुरतो. मात्र खडूची धूळ उडते. घरात दमा असेल तर नकोच. स्टिकर लावणं सोपं, पण काढताना खालचं इमल्शन बरेचदा सोबत येतं. तो दुरुस्तीचा खर्च कोणी धरत नाही.

पिवळा आणि लाल हे मुलांचे लाडके रंग भिंत लवकर झाकत नाहीत, तिसरा हात लागतो. तो मजुरीत धरलाय का, हे आधीच विचारा. मशीनवर मिसळून दिलेला रंग दुकानदार परत घेत नाही, म्हणून आधी छोटी डबी आणून भिंतीवर लावा आणि सकाळी, रात्री दिव्यात असं दोन्ही वेळा पाहा.

एका बाबतीत मात्र पैसे वाचवू नका. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दशलक्ष भागांत 90 पेक्षा जास्त नसावं, असा नियम नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे. डब्यावर तसा उल्लेख पाहून घ्या. सुटा, बिननावाचा रंग नकोच. जुन्या दारांवरचा आणि ग्रिलवरचा ऑइलपेंट कोरडा घासू देऊ नका, ती धूळ पोरांच्या पोटात जाते. पाणी लावून घासायला सांगा आणि काम संपल्यावर खिडक्या उघड्या टाकून दोन-तीन रात्री मुलांना दुसऱ्या खोलीत झोपवा.

काम देताना कंपनी, रंगाचा प्रकार, किती हात आणि एकूण चौरस फूट हे सगळं कागदावर घ्या. आगाऊ रक्कम पाव हिश्शापेक्षा जास्त नको. डबे तुमच्यासमोर उघडू द्या, आणि एमआरपीत कर धरलेलाच असतो, तेव्हा रंगाच्या किमतीवर वेगळा जीएसटी कोणी लावला तर देऊ नका. उरलेला अर्धा लिटर रंग घट्ट झाकून ठेवा, झाकणावर शेड नंबर लिहा. खडूचे, हातांचे आणि चेंडूचे डाग महिन्याभरात पडणारच आहेत.