युक्तनिद्रा आणि बालस्वभाव

श्रीमद्भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायातील सतराव्या श्लोकात आहार, विहार, कर्म, निद्रा व जागृती ही सर्व 'युक्त' म्हणजे प्रमाणशीर असावीत, असे भगवंतांनी सांगितले आहे. तेथे निद्रेसाठी 'स्वप्न' हा शब्द योजला आहे. मराठीत त्याचा अर्थ संकोचल्यामुळे भाषांतरकारास 'झोप' असेच म्हणावे लागते. असे वागणाऱ्याचा योग दुःखहारक होतो, हे फळही तेथेच सांगितले आहे. हा उपदेश साधकास आहे खरा. परंतु घरातील लेकरांनी काय करावे?

झाशीजवळ बिजौलीस आमचे घर आहे. माझा सात वर्षांचा पुतण्या सायंकाळी पाठास बसला की रडे, भावंडांवर हात उगारी. मी त्यास हट्टी ठरविले, शिक्षाही केली. पुढे ध्यानात आले की, आम्ही मोठी माणसे अकरापर्यंत गप्पा मारीत बसतो आणि शाळेसाठी त्यास साडेपाचास उठवितो. नऊ वाजता दिवे मालविण्याचा नेम केला. तीन आठवड्यांत मुलगा निवळला. ज्यास मी स्वभाव म्हणत होतो, तो थकवा होता. अयुक्त होतो ते आम्ही!

थकलेला प्रौढ मंदावतो. थकलेले मूल मात्र पुष्कळदा अधिकच चंचल होते. अपुऱ्या झोपेने भावना आवरण्याची मेंदूची शक्ती क्षीण होते. सुख-दुःख, बल-दुर्बलता, ज्ञान-अज्ञान ही निद्रेच्या अधीन आहेत, असे चरकाचार्यांनीही सूत्रस्थानात म्हटले आहे. अमेरिकेतील निद्रावैद्यकाच्या संस्थेने 2016 साली 3 ते 5 वर्षांच्या मुलांस 10 ते 13 तास, 6 ते 12 वर्षांच्या मुलांस 9 ते 12 तास व त्यापुढे अठरा वर्षांपर्यंत 8 ते 10 तास झोप सांगितली. महाराष्ट्रातही, मुलांची झोप पुरी होत नाही हे राज्यपाल रमेश बैस यांनी डिसेंबर 2023 मध्ये बोलून दाखविल्यावर, फेब्रुवारी 2024 मध्ये शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ वा त्यानंतर भरविण्याचा आदेश काढला.

प्रत्येक खोडीचे मूळ निद्रेत असते, असे नाही. मूल रोज घोरत असेल किंवा पुरेशी झोप होऊनही चिडचिड टिकली, तर वैद्यास दाखवावे. परंतु मुलास दोष देण्यापूर्वी त्याच्या निद्रेचे तास मोजावेत. शाळेची वेळ आपल्या हाती नसते. घरातील दिवा मालविणे मात्र असते. बालकाचे युक्तत्व पालकाच्या युक्तत्वावर उभे आहे, हे प्रत्येक गृहस्थाने नित्य स्मरावे.